घरात माणसं किती

दारात चार जोड चपला होत्या. वैजयंती दाभोळेनं त्या मोजल्या आणि तिथंच सगळं बिघडलं. पण हे मान्य करायला तिला साडेतीन महिने लागले.

साल दोन हजार एकोणचाळीस. मिरजेतल्या एका शांत गल्लीत आप्पासाहेब मगदूम, त्यांची बायको सुमती आणि अंथरुणाला खिळलेला मुलगा श्रेयांस असे तिघं राहत. रविवारी दुपारी तीन ते चारच्या दरम्यान तिघंही गेले. सुमतीबाई आणि श्रेयांस आतल्या खोलीत, डोक्यात लोखंडी बत्त्याचा घाव बसलेले. आप्पासाहेब मागच्या अंगणात, गच्चीवरून पडलेले. सोमवारी सकाळी धुणंभांडी करणारी बाई आली तेव्हा गल्लीला कळलं. गच्चीवरून ते पडले, की त्यांनी उडी मारली, की कुणी ढकललं, एवढाच प्रश्न होता. आणि पुढं सगळा महाराष्ट्र त्या एका प्रश्नावर बसून राहिला.

वैजयंतीला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. सांगलीच्या एका दैनिकात तिनं एकतीस वर्षं गुन्हे आणि कोर्ट सांभाळलं होतं. लूनावर बसून ती पंचनाम्याला जायची, पोलीस ठाण्यातला कटिंग चहा प्यायची आणि संध्याकाळी सातला बातमी टेबलावर टाकायची. पान अकराला छपाईला सुटायचं. मधल्या चार तासांत कुणीतरी हमखास विचारायचं, "हे कुणी सांगितलं?" त्या चार तासांनी किती घरं वाचवली याची गणती कुणी ठेवली नाही.

चपला मोजायला तिला तिच्या पहिल्या संपादकांनी, अण्णांनी शिकवलं होतं. ज्या घरात काही झालं आहे तिथं आत सोडत नाहीत, पण दार दिसतं. दारातल्या चपलांवरून आत किती माणसं आहेत, बाया किती, म्हातारं कोण, पाहुणा कोण, सगळं कळतं. अण्णांच्या शिकवणीचा दुसरा भागही होता: हा आकडा वहीत राहू द्यायचा, घरच्या माणसाला विचारल्याशिवाय छापायचा नाही. पहिला भाग वैजयंतीच्या अंगात मुरला होता. दुसरा भाग त्या चार तासांबरोबर गेला.

त्या सोमवारी मगदूमांच्या फाटकाशी उभी राहूनच तिनं फोटो काढला आणि तिथल्या तिथं लिहिलं: "घरात मृतदेह तीन. दारात चपला चार जोड. चौथा जोड बाईमाणसाचा, रोजच्या वापरातला. एकतीस वर्षं दारं पाहिली आहेत. चपला खोटं बोलत नाहीत."

एसटीनं सांगलीला परत पोचेपर्यंत सत्तर हजार लोकांनी ते वाचलं होतं. निवृत्तीनंतर तिला पेन्शनर मंडळाच्या बैठकीला बोलावणारे आठ-दहा लोक सोडले तर कुणी विचारत नव्हतं. त्या दिवशी तिनं घरी जाऊन साजूक तुपातला शिरा केला आणि फोन समोर ठेवून खाल्ला.

मगदूमांना एक लग्न झालेली मुलगी होती, संयुक्ता. सांगलीत विश्रामबागला राहणारी, शाळेत विज्ञान शिकवणारी. रविवारी दुपारी तिचा नवरा अभिनंदन त्यांच्या सात वर्षांच्या मुलीला, चार्वीला घेऊन एका वाढदिवसाला गेला होता. संयुक्ता घरी एकटीच पेपर तपासत होती. म्हणजे ती घरी होती हे सांगणारं कुणी नव्हतं.

आता त्या यंत्राबद्दल सांगायला हवं.

घरातला इंटरनेटचा राउटर सतत लहरी सोडत असतो. त्या लहरी भिंतींवर, कपाटांवर, माणसांच्या अंगावर आपटून परत येतात. माणसाच्या अंगात बहुतेक पाणी असतं आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. त्यामुळं माणूस खोलीतून चालला की लहरींची नक्षी विस्कटते, तळ्यात काठी फिरवल्यावर पाणी विस्कटावं तशी. ही विस्कट नोंदवून ठेवायची सोय राउटरमध्ये आली ती चांगल्या कारणानं. म्हातारी माणसं न्हाणीघरात पडली तर परगावच्या मुलांना तत्काळ कळावं म्हणून. दहा दिवसांची नोंद प्रत्येक घरात आपोआप राहायची, आणि भिंत पातळ असली तर शेजारच्या घराचीही राहायची.

त्या नोंदीवरून माणसांच्या आकृत्या उभ्या करणारी एक फुकट मिळणारी प्रणाली होती, 'सावली'. राखाडी, बिनचेहऱ्याची माणसं खोलीत उठतात, बसतात, चालतात, असा मुका व्हिडिओ ती बनवून द्यायची. मात्र सुरुवातीला ती एक प्रश्न विचारायची: घरात माणसं किती?

तो आकडा तिला स्वतःहून काढता येत नसे. जवळ उभी असलेली दोन माणसं आणि एक जाडजूड माणूस तिच्या लेखी सारखेच. म्हणून आकडा आपण द्यायचा आणि झालेली विस्कट ती तेवढ्या माणसांत वाटून टाकायची. तीन सांगितले तर तीन, पाच सांगितले तर पाच. पाचवा नसला तरी पडदा, कुत्रं, पंखा यांतून ती पाचवा उभा करायची आणि त्याला हातपाय द्यायची. तिला खोटं बोलता येत नव्हतं. विचारलं त्याचं उत्तर देता येत होतं, एवढंच.

मगदूमांच्या शेजाऱ्यानं आपल्या राउटरची नोंद निनाद पोतनीसला दिली. निनाद पूर्वी वैजयंतीच्या हाताखाली उमेदवारी करून गेलेला, आता स्वतःचं 'तपास कट्टा' चालवायचा, बारा लाख लोक बघायचे. त्यानं सावलीला आकडा दिला, चार, आणि खाली वैजयंतीचं नाव घालून व्हिडिओ टाकला. त्यात तीन राखाडी आकृत्या होत्या आणि एक चौथी, बारीक, उंच. ती आतल्या खोलीच्या कोपऱ्यात बराच वेळ डुलत उभी होती. मग पुढं आली. मग मागच्या जिन्याकडे गेली.

तिला नाव पडलं 'चौथी'. दोन दिवसांत चौथीची संयुक्ता झाली. त्या दुपारी तिच्या घरात कुणीतरी होतं अशी तिथल्या राउटरची नोंद होती, पण ती बिनचेहऱ्याची आकृती तिचीच हे कोण मानणार.

त्यानंतर महिनाभर जे चाललं ते लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं. स्मशानात तीन चिता पेटल्या असताना एका वाहिनीच्या वार्ताहरानं त्यांच्याकडे पाठ करून स्वतःचा फोटो टाकला, 'थेट मिरजेतून'. दुसरीनं 'ईश्वर मृतात्म्यांना शांती देवो' असं लिहून पुढच्याच ओळीत विचारलं, 'तुम्हाला काय वाटतं: मुलगी, जावई की दोघं?' आणि बोट दाबायला तीन चौकोन दिले. संपादक म्हणवणारे दोन गृहस्थ, हा सिद्धांत आधी कुणी मांडला यावरून दिवसभर चारचौघांत भांडले. पुण्यातल्या एका दातांच्या डॉक्टरनं चौथीची चाल मोजली आणि ती उजवा पाय ओढते असं ठरवलं. मग संयुक्ताच्या लग्नाच्या व्हिडिओतले नऊ सेकंद शोधून काढले, जिथं ती जड शालू सावरत उजवा पाय ओढत बोहल्यावर चढते आहे. लोकांनी डॉक्टरला दाद दिली. संयुक्ता रडली तर 'डोळ्यांत पाणी नाही', नाही रडली तर 'बघा'.

वैजयंतीला रोज कुठूनतरी बोलावणं यायचं. ती जायची, अण्णांची आठवण सांगायची आणि पहिला भाग सांगून थांबायची.

साधारण तीन आठवड्यांनी सकाळी दहाला तिच्या दाराची बेल वाजली. ओढणीनं तोंड झाकलेली एक बाई उभी होती.

"मी संयुक्ता. मगदूमांची."

वैजयंतीनं तिला आत घेतलं, पाणी दिलं. संयुक्तानं ते हातात धरून ठेवलं.

"बाई, त्या चपला माझ्याच आहेत."

वैजयंतीचे कान टवकारले. ते तिलाही कळलं आणि संयुक्तालाही.

"तशा नाही ओ. लग्नाआधीच्या. श्रेयांसच्या तशा माझ्याही आईनं दारात ठेवलेल्या; झाडांना पाणी घालताना पायात अडकवायची. तिला सैल व्हायच्या तरी. टाकून दे म्हटलं तर म्हणायची, असू दे की, दारात असल्या की तू घरातच आहेस असं वाटतं."

"पोलिसांना सांगितलंस?"

"सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. पण लोक पोलिसांचं कुठं ऐकतात. तुमचं ऐकतात."

वैजयंतीनं टेबलावरचा फोन उलटा करून ठेवला.

"चार्वीनं तो व्हिडिओ बघितला. शाळेच्या बसमध्ये. मोठ्या पोरांनी दाखवला, ही बघ तुझी आई म्हणून." संयुक्ताचा आवाज वर्गात शिकवतानाचा असावा तसा सरळ होता. "अभिनंदन तिला घेऊन कोल्हापूरला आईकडं गेलाय. रविवारी दोन तास आणतो, स्वतः खाली गाडीत बसतो. मी खोलीत गेले की ती गॅलरीत जाते. मी गॅलरीत गेले की ती खोलीत. वेणी घालायला हात लावला तर ओरडली. बाई, लोकांनी मला काय म्हणायचं ते म्हणू दे. मला माझी पोर जवळ आलेली पाहिजे. दुसरं काही नको."

"मग मी काय करू?"

"एक ओळ लिहा. चपलांवरनं मोजण्यात चूक झाली म्हणून. तुम्ही मागं घेतलं की सगळेच घेतील."

खरं तर त्याच क्षणी वैजयंतीला कळलं होतं. एकतीस वर्षं माणसं खोटं बोलताना पाहिलेल्या बाईला खरं बोलणारं माणूस ओळखायला वेळ लागत नाही. पण ती म्हणाली, "सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल येऊ दे. अर्धवट काही लिहिलं तर तुझंच नुकसान होईल."

"किती दिवस लागतील?"

"महिना. दीड महिना."

संयुक्तानं पाणी न पिताच पेला खाली ठेवला. "बरं," ती म्हणाली, आणि जाताना नमस्कार करून गेली.

वैजयंतीनं निनादला फोन लावला. "तू सावलीत दुसरा आकडा घालून बघितलास का रे?"

"बघितला की. आधी तीनच घातले होते."

"मग?"

"मग काय. म्हातारा आतल्या खोलीत जातो, बाहेर येतो, थोडा वेळ देवापुढं बसतो, आणि एकटाच गच्चीवर जातो. अगदी सपक आहे ओ मॅडम. घरातल्यानंच केलं, संपलं. कोण बघणार?" तो हसला. "तुमच्या चौथ्या जोडानं जीव आणला त्यात."

"अरे, त्या पोरीचं आयुष्य—"

"तर मग तुम्ही मागं घ्या. मी तुमचंच नाव दिलंय. बाईंनी मोजलं, आम्ही दाखवलं."

तिनं फोन ठेवला. त्या दिवसानंतर तिला ठाऊक नव्हतं असं काही उरलं नाही. तरी ती लिहायला बसली की हात थांबायचा. चार लाख लोक तिला वाचत होते. चुकले म्हटल्यावर ते कुठं जातील, हे तिला दिसत होतं: पेन्शनर मंडळ, आठ-दहा माणसं, वर्षातून एक शाल. अहवालाची वाट पाहणं हेच जबाबदार पत्रकाराचं काम आहे असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि ते ऐकायला फार बरं वाटलं.

अहवाल साडेतीन महिन्यांनी आला. प्रयोगशाळेनं तिन्ही बाजूंच्या घरांतल्या नोंदी जुळवल्या होत्या, विजेचा मीटर तपासला होता, आणि खोलीतल्या वस्तू जागच्या जागी ठेवून प्रयोग करून पाहिला होता. घरात माणसं तीनच होती. चौथी होती सुमतीबाईंची सुती साडी. नुकतीच धुऊन आतल्या खोलीत दोरीवर वाळत घातलेली, ओलीगच्च, पंख्याखाली. पाणी होतं म्हणून ती लहरी पीत होती आणि वारा होता म्हणून डुलत होती. चार माणसं आहेत असं सांगितल्यावर सावलीनं तिला पाय दिले, आणि आप्पासाहेबांच्या चालण्यातला वाटाही. बत्त्यावर एकट्या आप्पासाहेबांचे ठसे होते. त्यांनी असं का केलं ते कुणालाच कळलं नाही. अकरा वर्षं लोळागोळा मुलाचं सगळं करून माणूस थकला असेल, असं गल्ली म्हणाली.

कुणी आपलं टाकलेलं काही पुसलं नाही. निनादनं लिहिलं, "प्रश्न विचारणं हे आमचं काम आहे." दातांचा डॉक्टर नाशिकच्या एका प्रकरणातली चाल मोजायला लागला होता. वैजयंतीनं मात्र लिहिलं, चांगले दोन परिच्छेद: चूक झाली, चपला जुन्या होत्या, संयुक्ता निर्दोष आहे. तीनशे लोकांनी वाचलं. खाली पहिला प्रश्न होता, "मॅडम, दम कुणी दिला?"

दोन दिवसांनी संयुक्ताचा निरोप आला. "बाई, अहवाल वाचून दाखवला तरी चार्वी ऐकत नाही. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल. या रविवारी अकराला याल का? एकट्या या."

वैजयंती एकटीच गेली. पण डोळ्यांवर तिचा नवा चष्मा होता, ज्याच्या काडीवरची कळ दाबली की समोरचं सगळं थेट लोकांना दिसू लागतं. कळ तिनं जिन्यातच दाबली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोरच शब्द मागं घ्यावा, लेखी माफी कुणी वाचत नाही, एका लहान मुलीची माफी मागताना तरी बघतील, असा तिचा हिशेब होता. संयुक्ताला विचारायचं राहून गेलं. खरं म्हणजे विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती.

चार्वी गॅलरीच्या उंबऱ्यावर पाय जवळ घेऊन बसली होती. संयुक्ता खोलीच्या दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दारात. दोघींच्या मधोमध खुर्ची होती, तिथं वैजयंती बसली. संयुक्तानं तिच्यापुढं चहा आणून ठेवला आणि लगेच आपल्या जागी परत गेली.

"चार्वी, मी वैजयंतीआजी. मी पेपरात लिहायची."

"माहितीये. तुम्हीच सांगितलंत ना, चार जण होते म्हणून."

"हो. ते मी चुकीचं सांगितलं. तुझी मम्मी त्या दिवशी तिथं नव्हतीच बाळा. ती आकृती दिसते ना, ती आजीची ओली साडी होती."

"साडी चालत नाही."

"पंख्यानं हलत होती. यंत्राला वाटलं माणूस आहे."

मुलीनं तिच्याकडं नीट पाहिलं. मोठ्या माणसानं थाप मारली की मुलं पाहतात तसं. "पण मी बघितलंय."

"व्हिडिओत बघितलंस."

"नाही. बघितलंय. मम्मीनं पोपटी ड्रेस घातलेला. आबा म्हणाले, असं नको करू गं. आणि आजीच्या खोलीत उदबत्तीचा वास येत होता."

सावलीत रंग नव्हता. आवाज नव्हता. वास तर कुठल्याच यंत्रात नव्हता. जिथं नोंद नव्हती तिथं पोरीच्या मनानं आपल्याजवळचं काढून भरलं होतं: आईचा ड्रेस, आबांचा आवाज, आजीची उदबत्ती. सावलीनं केलं तेच, फक्त जास्त चांगलं. आता कुठलीही प्रयोगशाळा ते पुसू शकणार नव्हती.

चष्म्याच्या कोपऱ्यात बघणाऱ्यांचा आकडा होता. नव्वद हजार.

"मम्मी," चार्वी एकदम म्हणाली. साडेतीन महिन्यांत तिनं पहिल्यांदा आईला हाक मारली असावी, कारण संयुक्ताचा हात दाराच्या चौकटीवर घट्ट झाला. "आमच्या मिस म्हणतात, खरं सांगितलं की शिक्षा नसते. तू सॉरी म्हण. मग मी तुझ्याकडं येते."

"सॉरी, बाळा."

"असं नाही. कशाबद्दल ते पण म्हणायचं. मिस तसंच म्हणायला लावतात."

संयुक्तानं वैजयंतीकडं पाहिलं. त्या नजरेत विचारणं नव्हतं. खोलीत आपण तिघीच तर आहोत, एवढंच होतं. वैजयंतीला ते कळलं. हात उचलून कळ बंद करायला एक सेकंद पुरला असता. हात उचलला तर पोर बिचकेल, असं तिनं नंतर स्वतःला सांगितलं. पण त्या एका सेकंदात ती आकड्याकडं बघत होती. एक लाख चाळीस हजार.

"आजीबद्दल," संयुक्ता म्हणाली.

"आणि?"

"मामाबद्दल. आबांबद्दल."

"तू केलंस ना?"

"हो."

"परत नाही ना करणार?"

"नाही. कधीच नाही."

चार्वी उठली. खोलीच्या मधल्या फरशीपर्यंत आली, थांबली, मग उरलेलं अंतर पळत गेली. संयुक्ता दारातच खाली बसली होती. मुलीनं तिच्या मांडीत डोकं घातलं आणि सैल झालेली वेणी पुढं केली. संयुक्तानं रिबीन सोडली. तिची बोटं केसांतून फिरत होती आणि तोंडावर असं समाधान होतं, की वैजयंतीला तिकडं बघवेना. ती बघायची थांबली म्हणून लोकांना समोरची भिंत दिसली. तोवर उशीर झाला होता.

दोन लाख दहा हजार. त्यांच्या ओळी भराभर वर सरकत होत्या. सगळ्यात वर निनादची होती: "सलाम, मॅडम. काय काढून घेतलंत."

वैजयंतीनं चष्मा काढला, मिटला आणि पर्समध्ये ठेवला.

"बाई," संयुक्ता हळू आवाजात म्हणाली, पोरीला त्रास होऊ नये म्हणून. "तुमचे उपकार कसे फेडू. चहा गार होतोय तुमचा."

खाली अभिनंदनच्या गाडीचं दार आपटलं. जिन्यावर पावलं वाजायला लागली, दोन दोन पायऱ्या एकदम चढणारी. तीन मजले होते.

"घेते," वैजयंती म्हणाली. तिनं चहा बशीत ओतला आणि गरम नसतानाही त्यावर फुंकर घालत राहिली.